धावताना धक्का लागला, आता चूक कोणाची? शर्यतीतल्या टक्करींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्वाल्हेरात थंडीतल्या शालेय स्पर्धा सुरू झाल्या की मला फोन येऊ लागतात. कधी लष्कर भागातून कोणाचे आजोबा, कधी मुरारहून एखादी आई, कधी स्वतः धावणारी मुलं. तक्रार बहुतेक तीच असते: पायात पाय अडकला, पोरगं पडलं, निकाल लागला आणि मैदानावर कोणी धड काही सांगितलं नाही. मी पूर्वी ८०० मीटर धावत असे. आता बरीच वर्षं ट्रॅकवरची पंच (अंपायर) म्हणून पिवळा झेंडा घेऊन वळणावर उभी असते. राणी लक्ष्मीबाईंच्या नावाची शारीरिक शिक्षणाची राष्ट्रीय संस्था १९५७ पासून आपल्या गावात आहे. अशा गावात हे नियम घराघरांत नीट ठाऊक असावेत, असं मला मनापासून वाटतं.

खालची उत्तरं जागतिक ॲथलेटिक्स संघटनेच्या तांत्रिक नियमांवर बेतलेली आहेत. शाळेच्या किंवा जिल्ह्याच्या स्पर्धेचं वेगळं पत्रक असेल तर आधी ते वाचा.

१. आमची मुलगी पडली. म्हणजे कोणीतरी फाऊल केलाच असणार ना?

नाही. पडणं हा फाऊलचा पुरावा होत नाही. आठ-दहा जणी एकाच वळणावर आतल्या रेषेला धरून पळतात तेव्हा कोपराला कोपर लागतं, टाचेला बोटं लागतात. नियमाला अशा प्रत्येक स्पर्शाशी देणंघेणं नाही. शरीराचा स्पर्श झाला आणि त्यातून कोणाला गैरफायदा मिळाला किंवा कोणाला इजा, नुकसान झालं, तर त्याला धक्काबुक्की म्हणायचं, असं नियमाचं स्पष्टीकरण सांगतं. २०२३ साली बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत १०,००० मीटरच्या अगदी शेवटच्या टप्प्यात सिफान हसन आघाडीवर असताना पडली आणि गुडाफ त्सेगाय जिंकली. कोणीही अपात्र ठरलं नाही.

उलटही होतं. कोणी पडत नाही, पण एकीची लय अशी तुटते की ती पाच नंबर मागे जाते. तिथे फाऊल असू शकतो.

२. मग नियम नेमका काय म्हणतो?

नियमाचा क्रमांक टीआर (टेक्निकल रूल, म्हणजे तांत्रिक नियम) १७.१. निकालपत्रावर नावापुढे हा आकडा दिसला तर समजा, प्रकरण धक्क्याचं किंवा अडथळ्याचं आहे. त्यात दोन वेगळे प्रश्न आहेत. ते एकमेकांत मिसळले की भांडणं होतात, म्हणून सावकाश वाचा.

पहिला प्रश्न: याला दुसरा धावपटू जबाबदार आहे का? असेल तर तो अपात्र ठरू शकतो.

दुसरा प्रश्न: ज्याला अडथळा झाला त्याचं गंभीर नुकसान झालं का? झालं असेल तर रेफरी (शर्यतीचा निर्णय देणारा अधिकारी) शर्यत पुन्हा घ्यायला सांगू शकतो किंवा त्याला पुढच्या फेरीत घेऊ शकतो.

या दोन्हींची उत्तरं स्वतंत्र निघतात. कोणाचाच दोष नसताना तुमच्या मुलाला पुढच्या फेरीत जागा मिळू शकते. दुसऱ्याचा दोष ठरूनही तुमच्या मुलाला काहीच मिळणार नाही, असंही होऊ शकतं. माझ्याकडे येणारे दहातले आठ पालक पहिल्याच प्रश्नाला धरून बसतात, "त्याला बाद करा" म्हणतात, आणि आपल्या लेकरासाठी जे मागायला हवं ते मागायचं राहून जातं.

३. त्याने मुद्दाम केलं नाही असं तो रडून सांगतोय. मुद्दाम नसेल तर अपात्र कसं करतात?

हेतू सिद्ध व्हावा लागत नाही. जबाबदारी ठरावी लागते. मागे वळून न पाहता तुम्ही आतल्या लेनमध्ये शिरलात आणि कोणाची वाट कापली, तर मनात काही नसूनही जबाबदार तुम्हीच. २००९ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत १५०० मीटरच्या अंतिम फेरीत स्पेनची नतालिया रोद्रिगेझ पहिली आली. अखेरच्या चकरेत तिने आतून वाट काढली तेव्हा इथिओपियाची गेलेते बुर्का पडली होती. रोद्रिगेझ अपात्र ठरली आणि सुवर्ण बहारीनच्या मरियम युसूफ जमालकडे गेलं.

हेतूचा विचार होतो तो वेगळ्या कारणासाठी. मारलं, ओढलं, शिवी देऊन ढकललं, तर खिलाडूपणाला सोडून वागल्याबद्दल रेफरी पिवळं किंवा लाल कार्ड दाखवू शकतो. त्याचे परिणाम प्रश्न १७ मध्ये.

ज्याच्या हातून असं नकळत झालं त्या मुलाच्या घरच्यांना एक सांगते: अपात्र ठरणं म्हणजे लबाड ठरणं नव्हे. हे त्याला त्याच संध्याकाळी सांगा.

४. मागचा पुढच्यावर आदळला. वाहनांसारखं मागच्याचीच चूक धरतात का?

असा सरसकट नियम नाही. मागच्याला समोरचं दिसतं, म्हणून टाचेवर पाय न देण्याची काळजी त्याने घ्यावी, ही समज बरोबर आहे. पण पुढे जाऊन आत वळणाऱ्याने पुरती मोकळी जागा झाल्यावरच वळावं, हेही तितकंच बरोबर. "एक अख्खं पाऊल पुढे गेल्यावर आत या" असं प्रशिक्षक शिकवतात आणि ते शहाणपणाचं आहे, पण जागतिक नियमात पावलांचं माप लिहिलेलं नाही. रेफरी पाहतो ते हे: आपली रेघ कोणी बदलली, किती अचानक बदलली, आणि दुसऱ्याला आवरायला जागा उरली होती का.

या प्रश्नावर सर्वांत जास्त वाद झाला तो १० ऑगस्ट १९८४ ला, लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये, बायकांच्या ३००० मीटरच्या अंतिम फेरीत. अनवाणी धावणारी झोला बड बाहेरून किंचित पुढे गेली होती, आतल्या बाजूला तिच्या खांद्याला खांदा लावून मेरी डेकर. अर्ध्याहून थोडं जास्त अंतर झालं होतं. एकदा पाय लागला, दोघी सावरल्या. काही पावलांनी पुन्हा लागला आणि डेकर मैदानाच्या हिरवळीवर कोसळली, ती उठलीच नाही. अमेरिकी प्रेक्षक बडची हुर्यो उडवत होते. ती सातवी आली. अधिकाऱ्यांनी अडथळ्याबद्दल तिला आधी अपात्र केलं, पण चित्रफिती पाहिल्यावर ज्युरीने (अपील ऐकणाऱ्या समितीने) तो निर्णय रद्द केला. सुवर्ण रुमानियाच्या मारिचिका पुइकाला मिळालं, ही गोष्ट वादात लोक विसरतात. बऱ्याच वर्षांनी डेकरनेच मान्य केलं की गर्दीत धावायची तिला सवय नव्हती.

सवयीचा हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे मुलं पहाटे एकटीच घड्याळ लावून पळतात आणि थेट स्पर्धेच्या दिवशी बाराजणांच्या घोळक्यात शिरतात. आठवड्यातून एकदा तरी सहाजणांना अगदी चिकटून, जागा बदलत बदलत पळवा. निम्म्या टक्करी तिथेच टळतील.

५. पंचांनी पिवळा झेंडा वर केला. म्हणजे बाद ना?

नाही. झेंडा म्हणजे "इथे मला काहीतरी दिसलं". ट्रॅकवरचा अंपायर रेफरीचा मदतनीस असतो, अंतिम निर्णयाचा अधिकार त्याला नाही. त्याने झेंडा वर करायचा, शक्य तर ट्रॅकवर ती जागा खुणेने दाखवायची, आणि लगेच लेखी कळवायचं: कोणता क्रमांक, कोणती चक्कर, कुठे, काय. निर्णय रेफरीचा.

म्हणून वळणावर येऊन माझ्याशी हुज्जत घालू नका. माझ्या हातात काही नसतं आणि तुमची वेळ मात्र जाते. ती वेळ किती मोलाची आहे ते प्रश्न ८ मध्ये पाहा.

६. पंच दहा पावलांवर होते, तरी "दिसलं नाही" म्हणतात. हे कसं शक्य आहे?

शक्य आहे. समोरून येणारा घोळका पाहिला की दोघांमधलं आडवं अंतर कळतं, पण पुढचं-मागचं अंतर अजिबात कळत नाही. बाजूने पाहिलं की नेमकं उलट. टाच तुडवली की नाही हे बाजूच्या अंपायरला दिसेल, कोपर मारलं की नाही हे समोरच्याला. दोघांच्या चिठ्ठ्या वेगळ्या निघाल्या तर कोणी खोटं बोलतंय असं नसतं.

आणखी एक. पडण्याचा आवाज झाला की सगळ्यांचे डोळे पडलेल्याकडे जातात. कारण मात्र त्याआधीच्या दोन-तीन पावलांत घडून गेलेलं असतं. मी स्वतः एकदा फसले आहे. एका शालेय स्पर्धेत मागे पडलेल्या मुलाकडे बघताना पुढे कोण आत शिरलं ते माझं हुकलं, आणि चिठ्ठीत मी "दिसलं नाही" असंच लिहिलं. पडलेल्या मुलाचे वडील खूप चिडले होते, ते मला अजून आठवतं. पण न पाहिलेलं पाहिलं म्हणून लिहिणं हा त्या दुसऱ्या मुलावर अन्याय झाला असता.

७. माझ्या मोबाइलवर सगळं रेकॉर्ड झालंय. ते दाखवता येतं का?

दाखवा. रेफरी स्पर्धेच्या अधिकृत चित्रीकरणाबरोबर इतर उपलब्ध व्हिडिओही विचारात घेऊ शकतो. ते पाहायचं की नाही आणि त्याला किती वजन द्यायचं, हे तो ठरवतो. ज्या गावाने २०१० साली रूपसिंग स्टेडियमवर सचिनचं द्विशतक पाहिलं, त्याला थर्ड अंपायर समजावून सांगावा लागत नाही. पण जिल्हा पातळीच्या शर्यतीत बहुधा तो नसतोच, म्हणून तुमचा व्हिडिओ उपयोगी पडू शकतो.

तीन गोष्टी सांभाळा. झूम करून घेतलेल्या चित्रात पुढचा आणि मागचा आहेत त्यापेक्षा जवळ दिसतात. संथ गतीत साधं अडखळणंही मुद्दाम केल्यासारखं वाटतं, म्हणून आधी खऱ्या वेगात दाखवा. आणि कापलेला तुकडा आणू नका, पडण्याच्या दहा-पंधरा सेकंद आधीपासूनचं सलग चित्रीकरण ठेवा. गटात टाकून चर्चा नंतर करा, आधी रेफरीकडे जा.

८. तक्रार करायची कशी आणि किती वेळात?

त्या शर्यतीचा निकाल अधिकृतपणे जाहीर झाल्यापासून ३० मिनिटांत. पहिली पायरी तोंडी चालते. धावपटूने स्वतः, त्याच्या वतीने कोणीतरी किंवा संघाच्या प्रतिनिधीने रेफरीला सांगायचं. तक्रार करणारा त्याच फेरीत धावलेला असावा लागतो, किंवा संघाच्या गुणांची स्पर्धा असेल तर त्या संघाचा.

रेफरीचं उत्तर पटलं नाही तर दुसरी पायरी ज्युरीकडे अपील. तीही ३० मिनिटांत, पण ही लेखी, सही करून आणि अनामत रक्कम भरून. जागतिक नियमात ती १०० डॉलर किंवा तेवढ्याच किमतीची आहे. आपल्याकडच्या स्पर्धेत किती, ते पत्रकात पाहा आणि तेवढे रोख पैसे सकाळीच व्यवस्थापकाजवळ ठेवा. अपील फेटाळलं तर अनामत परत मिळत नाही. ज्युरीचा निर्णय शेवटचा. ज्युरीच नसेल तर रेफरीचा.

बोलताना भावना बाजूला ठेवून इतकंच सांगा: "दुसरी चक्कर, शेवटचं वळण, क्रमांक अमुक बाहेरून आत आली, आमची मुलगी थांबली, चौथ्यावरून नवव्यावर गेली. टीआर १७.१ खाली पाहावं आणि तिला पुढच्या फेरीत घ्यावं." मागणी स्पष्ट हवी (प्रश्न २).

९. ज्युरी खरंच निर्णय फिरवते का, की सगळं ठरलेलंच असतं?

फिरवते. ५ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ५००० मीटरच्या अंतिम फेरीत केनियाची फेथ किपयेगॉन दुसरी आली, त्सेगायला अडथळा केल्याबद्दल अपात्र ठरली आणि अपिलानंतर तिचं रौप्य परत मिळालं. झोला बडचं वर आलंच आहे.

नाहीही फिरवत. जुलै २०१७ मध्ये भुवनेश्वरच्या आशियाई स्पर्धेत पुण्याची अर्चना आढाव ८०० मीटरमध्ये पहिली आली. श्रीलंकेने धक्का दिल्याची तक्रार केली, ती मान्य झाली, भारताचं अपील टिकलं नाही आणि सुवर्ण श्रीलंकेच्या मुलीला गेलं. स्वतःच्या देशात, स्वतःच्या प्रेक्षकांसमोर. तेव्हा यजमानांना झुकतं माप मिळतंच, असं म्हणणाऱ्यांनी ही शर्यत आठवावी.

पुरावा दोन्हीकडे झुकतो असा असेल तर रेफरीचा मूळ निर्णय कायम राहतो. व्हिडिओत "कदाचित" दिसलं तर ते अपिलाला पुरत नाही.

१०. पडल्यावर ती उठली नाही, बाहेर आली. आता तक्रार चालेल का?

अवघड आहे. दाद मागणाऱ्याने शर्यत प्रामाणिक प्रयत्नाने पूर्ण केलेली असावी, अशी नियमाची सर्वसाधारण अपेक्षा आहे. "सर्वसाधारण" हा शब्द महत्त्वाचा. हाड मोडलं असेल, स्ट्रेचरवरून न्यावं लागलं असेल, तर रेफरी विचार करू शकतो. पण रागाने नंबर फाडून बाहेर येणाऱ्याची बाजू मांडणं कठीण होतं.

इथे मी मुलांना नेहमी अविनाश साबळेची गोष्ट सांगते. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा हा मुलगा २०१९ साली दोह्याच्या जागतिक स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसच्या (अडथळे ओलांडत धावायच्या शर्यतीच्या) हीटमध्ये, म्हणजे प्राथमिक फेरीत, दुसऱ्यांच्या पडापडीत सापडला. त्याची लय मोडली, पण तो धावतच राहिला. त्या गोंधळातही ८ मिनिटं २५.२३ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला, तरी पात्र होण्याइतका नंबर आला नाही. भारताने तक्रार केली, चित्रफीत पाहिली गेली आणि त्याला अंतिम फेरीत घेतलं. तिथे त्याने ८:२१.३७ असा विक्रम आणखी सुधारला आणि टोकियो ऑलिंपिकची पात्रता वेळ गाठली. हीटमध्ये तो हात झटकून उभा राहिला असता तर तक्रारीला आधारच उरला नसता.

म्हणून सरावातच पडून उठायची सवय लावा. १९७२ साली म्युनिकला लासे विरेन १०,००० मीटरच्या अंतिम फेरीत पडला, उठला आणि विश्वविक्रमासह जिंकला.

११. तक्रार मान्य झाली तर काय मिळतं? पडल्यामुळे गेलेले सेकंद वजा करतात का?

सेकंद वजा होत नाहीत, नंबरही अंदाजाने वर सरकत नाही. मिळू शकतात दोनच गोष्टी: पुढच्या फेरीत जागा किंवा शर्यत पुन्हा. पुढच्या फेरीत रेफरीने घेतलं तर निकालपत्रावर "क्यूआर" अशी खूण येते, ज्युरीने घेतलं तर "क्यूजे".

पुन्हा घेतलेली शर्यत एकट्यानेही धावावी लागते. २०१६ साली रिओला बायकांच्या ४ x १०० रिलेच्या हीटमध्ये शेजारच्या लेनमधल्या ब्राझीलच्या धावपटूचा धक्का लागून अमेरिकेची बॅटन पडली. त्यांनी बॅटन उचलून शर्यत पूर्ण केली आणि तक्रार केली. संध्याकाळी रिकाम्या ट्रॅकवर चौघी एकट्या धावल्या, ४१.७७ सेकंद वेळ दिली आणि अंतिम फेरीत गेल्या. चीनचा संघ त्यामुळे बाहेर पडला. चीनच्या मुलींचा यात काय दोष होता? काहीच नाही. कोणाला न्याय द्यायचा तर जागा कुठून तरी काढावी लागते, हे रेफरीच्या मनावरचं ओझं आहे.

१२. पण टक्कर अंतिम फेरीतच झाली तर?

तर वाट अरुंद होते, कारण पुढची फेरीच नसते. जबाबदार धावपटू अपात्र ठरला तर मागचे एकेक नंबर वर सरकतात, पण पडलेल्याचं पदक परत येत नाही. उरते फक्त पुन्हा शर्यत, आणि ५००० मीटर पळून दमलेल्यांना पुन्हा पळायला लावणं कोणाला रास्त वाटणार?

१९०८ साली लंडनला ते करून पाहिलं होतं. ४०० मीटर तेव्हा लेनशिवाय धावत. शेवटच्या सरळीवर अमेरिकेच्या कार्पेंटरने ब्रिटनच्या हॅल्सवेलला बाहेर रेटत नेलं, असं पंचांनी ठरवलं. शर्यत रद्द झाली, कार्पेंटर बाद झाला, दोन दिवसांनी लेन आखून पुन्हा शर्यत ठेवली. उरलेले दोघे अमेरिकी आलेच नाहीत. हॅल्सवेल एकटाच धावला आणि सुवर्ण घेऊन गेला. चारच वर्षांनी, १९१२ मध्ये, ॲथलेटिक्सची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि सगळ्या देशांसाठी एक नियमावली लिहिण्याचं काम सुरू झालं.

१३. धक्क्यामुळे माझा पाय आतल्या रेषेपलीकडे पडला. मलाच बाद केलं तर?

दुसऱ्याने ढकललं किंवा भाग पाडलं म्हणून पाय आत गेला असेल तर ती तुमची चूक धरत नाहीत. रेफरीला लगेच सांगा, कारण आतल्या पावलाची चिठ्ठी गेलेली असते आणि धक्क्याची कदाचित गेलेली नसते.

कोणी ढकललं नसताना वळणावर आतली रेषा किंवा कडा एकदाच ओलांडली, फायदा झाला नाही आणि कोणाला अडथळा झाला नाही, तर हल्लीच्या नियमात तेवढं माफ आहे. निकालात "एल" अशी नोंद होते. मात्र ही मुभा त्या इव्हेंटच्या सगळ्या फेऱ्या मिळून एकदाच आहे. हीटमध्ये एकदा आणि फायनलमध्ये एकदा झालं की बाद.

पूर्वी हा नियम जास्त कडक होता. २०१८ च्या जकार्ता आशियाई खेळांत गोविंदन लक्ष्मणनने १०,००० मीटरमध्ये तिसरा क्रमांक मिळवला होता. पाय आत गेला म्हणून त्याचं कांस्यपदक गेलं.

१४. चारी बाजूंनी बॉक्स झालो होतो. हाताने थोडी वाट केली तर चालतं?

तोल सांभाळायला किंवा अंगावर येणाऱ्याला अडवायला हात पुढे जाणं वेगळं, खांदा धरून बाजूला सारणं वेगळं. दुसरं केलंत तर जबाबदार तुम्ही. आतून, रेषेच्या पलीकडे पाय टाकून सुटका करून घेणं हा तर उघड फायदा मानला जातो, त्याला प्रश्न १३ मधली माफी लागू नाही.

बॉक्स होणं हा कोणाचा फाऊल नसतो. "साइड, साइड" असं ओरडण्याने पुढच्यावर हटण्याचं बंधन येत नाही. थोडं मागे या, बाहेरून जा. दोन-तीन मीटर जास्त पळावं लागेल.

१५. रिलेमध्ये बॅटन देऊन झाल्यावर टक्कर झाली. शर्यत तर माझी संपली होती!

तुमची संपली, संघाची नाही. बॅटन दिल्यावर ट्रॅक मोकळा होईपर्यंत आपल्या लेनमध्ये किंवा जागेवरच थांबायचं असतं. तिथून आडवं जाऊन दुसऱ्या संघाला अडवलंत तर अख्खा संघ अपात्र होऊ शकतो. ४ x ४०० मध्ये बॅटनची वाट पाहणाऱ्यांनी एकदा ठरलेला क्रम मध्येच बदलायचा नाही, तिथे सर्वांत जास्त गोंधळ होतो.

दमून कोसळलात तर? हे खरंच अवघड आहे. जकार्तालाच, २०१८ च्या मिश्र ४ x ४०० रिलेमध्ये, बहारीनची अडेकोया बॅटन दिल्यावर पडली आणि हिमा दासला अडथळा झाला अशी भारताची तक्रार होती. ती फेटाळली गेली आणि आपल्याला रौप्य मिळालं. पुढे अडेकोया उत्तेजक प्रकरणात दोषी ठरल्यावर ते पदक सुवर्ण झालं, पण ते धक्क्यामुळे नव्हे. या दोन गोष्टी लोक नेहमी एकत्र सांगतात.

१६. हर्डल्समध्ये प्रत्येकाची लेन वेगळी. तिथे टक्कर कशी धरतात?

लेन पायांची असते, हात मात्र बाहेर जातात. २०११ साली दएगूच्या जागतिक स्पर्धेत ११० मीटर हर्डल्समध्ये क्यूबाचा डेरॉन रोब्लेस पहिला आला, पण शेजारच्या लिऊ शियांगच्या हाताला त्याचा हात लागून लिऊची लय गेली होती. चीनच्या तक्रारीवरून रोब्लेस अपात्र झाला. सुवर्ण जेसन रिचर्डसनला, लिऊला रौप्य. लिऊचं सुवर्ण हुकलं असं कितीही वाटलं तरी "तो जिंकला असता" म्हणून सुवर्ण देता येत नाही, हे प्रश्न ११ मध्ये सांगितलंच आहे.

१७. अपात्र ठरलो. आता उद्याची दुसरी शर्यतही गेली का?

धक्क्यासारख्या तांत्रिक कारणाने अपात्र ठरलात तर फक्त तो इव्हेंट जातो. त्याआधीच्या फेरीत दिलेली वेळ कायम राहते आणि उद्याची दुसरी शर्यत पळता येते. गैरवर्तनाबद्दल लाल कार्ड मिळालं, किंवा दोनदा पिवळं, तर मात्र पुढचं सगळंच बंद.

१८. मागे राहिलेली मुलगी आतल्या लेनमधून हटलीच नाही, लॅप करताना (एक अख्खी चक्कर पुढे काढताना) आमची अडकली.

जागतिक नियमात तिच्यावर बाहेर सरकण्याचं बंधन नाही. तिचीही शर्यत चालू असते. ती सरळ आपल्या रेषेत पळत असेल तर बाहेरून जाणं तुमचं काम. आडवी आली तर प्रश्न ४.

१९. ट्रॅकवर कुत्रं आलं. कोणाविरुद्ध तक्रार करायची?

कोणाविरुद्ध नाही, पण दाद मागता येते. अडथळा धावपटूखेरीज इतर कशामुळे झाला तरी नियम लागू होतो: कुत्रं, मैदान ओलांडणारा फोटोग्राफर, आपल्या नातवाला बघायला पुढे सरसावलेले आजोबा. आपल्याकडच्या चुन्याने आखलेल्या, कुंपण नसलेल्या मैदानांवर हे दरवर्षी होतं. दोष कोणाचाच नसला तरी प्रश्न २ मधला दुसरा भाग तुमच्या बाजूने उभा असतो.

मर्यादाही लक्षात घ्या. २००४ च्या अथेन्स मॅरेथॉनमध्ये आघाडीवरच्या ब्राझीलच्या वांडेरलेई डी लिमाला प्रेक्षकांतून धावत आलेल्या एका माणसाने रस्त्याबाहेर ढकललं. तो तिसरा आला. ब्राझीलने त्यालाही सुवर्ण द्यावं असं अपील केलं, ते मान्य झालं नाही.

२०. शेजारची पडली, तिला उचलायला मी थांबले. मला बाद करतील का?

नाही, बाळा. हा प्रश्न गेल्या हिवाळ्यात नववीतल्या एका मुलीने विचारला, आणि तो विचारावा लागला याचंच मला वाईट वाटलं. पडलेल्याला उभं राहायला हात देणं नियमात चालतं, ना तुला दंड, ना तिला. चालत नाही ते पुढे: तिला धरून, टेकू देऊन पुढे नेलंस तर ती बाहेरची मदत ठरेल आणि तिचाच तोटा होईल. उभं कर, आणि दोघी आपापल्या पायांनी धावा.

रिओलाच ५००० मीटरच्या हीटमध्ये न्यूझीलंडची निकी हॅम्ब्लिन पडली आणि तिच्यामुळे अमेरिकेची ॲबी डि'ॲगोस्टिनोही. ॲबीने आधी निकीला उठवलं. मग ॲबीच्या गुडघ्याने दगा दिला, तेव्हा निकी तिच्यासाठी थांबली. दोघींनी शर्यत पूर्ण केली, अगदी शेवटी. रेफरींनी दोघींना अंतिम फेरीत जागा दिली. ॲबीचा गुडघा फाटलेला होता, ती धावू शकली नाही. निकी धावली आणि सतरावी आली.